बाटलीभर पाणी, टेकडीभर मैत्री

"वहिनी, उद्या पावणेसहाला खाली या. येताना दोन लिटरची बाटली भरून आणा."

"पाणी? कशाला?"

"टेकडीवरच्या झाडांना. आमची एक मैत्रीण गावाला गेलीय, तिची तीन रोपं सुकतील."

२०२२ च्या फेब्रुवारीतला हा संवाद. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून त्यांचं दार बंदच असायचं. मुलगी नोकरीनिमित्त परगावी. सुरुवातीला आम्ही डबे दिले, फोन केले. पुढे ज्याची त्याची गडबड सुरू झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं की नको, या घोळात कुणी बोलावलंच नाही. मैत्रिणींनो, खरं सांगते, मीही त्यातलीच होते. बाहेर समाजकार्य करणारी मी, शेजारचं दार मात्र वाजवलं नव्हतं.

"बरं वाटेल, फिरायला चला," असं म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या. दुःखात असलेल्या माणसाला 'बरं वाटेल' हे शब्दच नको असतात. पण रोप सुकेल म्हटल्यावर त्या आल्या.

आमची टेकडी म्हणजे पुण्याची वेताळ टेकडी, शहरातली सर्वांत उंच. फेब्रुवारीत गवत वाळून सोनेरी होतं, पांगारा लाल फुलतो, झाडीतून मोर ओरडतो. पावसाळ्यात लावलेल्या रोपांची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. माती उथळ, खाली खडक. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मिळालं तर रोप तगतं, मुळं खोल गेली की मग आपलं आपण जगतं. म्हणून आम्ही अकराजणींनी प्रत्येकी तीन रोपं वाटून घेतली होती. आळं करायचं, पाणी घालायचं, वर पालापाचोळा पसरायचा म्हणजे ओल टिकते. काम संपायला पंधरा मिनिटं, गप्पांना अर्धा तास!

पहिला आठवडा वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. कुणी बोलायला लावलंही नाही. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी-शेजारी चालताना सहज बोललं जातं. एके दिवशी आळं उकरता उकरता त्या म्हणाल्या, "ह्यांना शेवटचं पाहताही आलं नाही हो मला." आम्ही सगळ्या तिथेच मातीत बसलो. त्या दिवशी घरी जायला सगळ्यांनाच उशीर झाला.

हे काही आमच्याच टेकडीचं नवल नाही. जपानमध्ये १९८२ पासून 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नानाचा, सरकारी पातळीवर पुरस्कार होतो. अमेरिकेत रॉजर उल्रिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. १९८४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या दिसण्याने एवढं होत असेल, तर मैत्रिणींबरोबर मातीत हात घातल्याने किती होईल! आपल्याकडे श्रावणात पत्री गोळा करायला पोरीबाळी मिळून हिंडायच्या, ते तरी दुसरं काय होतं? देवाच्या निमित्ताने पानंही ओळखीची व्हायची आणि मनंही मोकळी व्हायची.

त्या वर्षी वटपौर्णिमेला आम्ही बाजारातून वडाची फांदी आणायची नाही असं ठरवलं. त्याऐवजी टेकडीवर रोपं लावली. वहिनी मागे उभ्या होत्या. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आजींनी त्यांच्याच हातात पहिलं रोप दिलं, "घे गं, झाडाला काय कुंकू दिसतं?"

२०२३ च्या मार्चमध्ये मात्र वणवा लागला. कुणीतरी टाकलेली विडी असेल, नाही तर आणखी काही. आमच्या तेहेतीस रोपांपैकी एकोणीस जळाली. काळ्या काटक्या बघून मला रडूच आलं. "आता पुरे," असं मीच म्हणाले. वहिनींनी मात्र बाटलीचं झाकण उघडलं आणि एका जळक्या काटकीच्या बुडाशी पाणी घातलं. म्हणाल्या, "वरचं जळलंय. मुळाचं आपल्याला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. जूनच्या पावसात एकोणिसांपैकी सात रोपं बुडापासून फुटली. बारा गेली ती गेलीच. वहिनींचं दुःखही असंच. ते गेलेलं नाही, पण त्यांना नवे धुमारे फुटले आहेत. आता पावणेसहाला माझीच बेल त्या वाजवतात.

एक गोष्ट आवर्जून सांगते. टेकडी म्हणजे औषध नव्हे. वहिनी डॉक्टरांकडेही जात होत्या, गोळ्याही घेत होत्या. झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर आधी डॉक्टर गाठायला हवा. टेकडी त्याच्या जोडीला.

आणि जवळ टेकडी नसेल तर सोसायटीची बाग, शाळेचं आवार, रस्त्याकडेची चार झाडंही चालतील. एकटीने नको, तिघी-चौघी मिळून करा. प्रत्येकीला आपलं झाड ठरवून द्या, म्हणजे 'आज कंटाळा आला'ला जागा राहत नाही. वनखात्याच्या किंवा पालिकेच्या जागेत लावण्याआधी परवानगी घ्या. रोपं इथल्याच मातीतली निवडा, बहावा, पांगारा, काटेसावर अशी. उन्हाळ्याआधी रोपांभोवतीचं वाळलं गवत काढायला विसरू नका, हे आम्ही ठेच लागून शिकलो.

आणि हो, तुमच्याही इमारतीत एखादं बंद दार असेल. 'बरं वाटेल' म्हणू नका. फक्त सांगा, "उद्या पावणेसहाला या, बाटली घेऊन!"