पाचव्या आवृत्तीने काय साधले

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र निवडतो, त्याच्या तोंडून बोलतो आणि इतरांच्या साथीने कथा पुढे नेतो. या प्रकाराचा आद्य खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यात प्रसंग रचून निवाडा देणाऱ्यास ‘डंजन मास्टर’ म्हणतात, आणि पात्राने योजलेली कृती साधते की फसते, हे बहुधा वीस बाजूंच्या फाशावर ठरते. नियमपुस्तकांची आवृत्ती बदलली की खेळणाऱ्यांचा वेळ कशात जातो हेच बदलते, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या लोकप्रियतेचे मर्म तेथेच आहे.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत फाशावरील अंकात लहानमोठ्या अनेक अधिक-उण्यांची भर घालावी लागे, आणि पात्र बलवान होईल तसतशी ही आकडेमोड वाढत जाई. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नियम रेखीव केले, तिची लढाईची मांडणी आजही कौतुकास पात्र आहे. पण चौकटींच्या पटावरील चकमकी फार लांबू लागल्या आणि अनेक जुने खेळाडू तिसऱ्या आवृत्तीवरच बेतलेल्या, २००९ मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’कडे वळले.

या फुटीनंतर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशक कंपनीने २०१२ पासून नव्या नियमांचे मसुदे खुले करून खेळाडूंचे अभिप्राय मागवले. त्यातून आलेल्या ‘ॲडव्हांटेज’च्या नियमानुसार परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा अंक घ्यायचा, आणि प्रतिकूल असेल तर लहान, पूर्वीच्या कित्येक बेरजा-वजाबाक्या या एका कृतीत सामावल्या. मूळ नियम विनामूल्य मिळू लागल्याने नवख्याला पुस्तक विकत न घेताही खेळून पाहता आले.

या यशाचे श्रेय अनेकदा हाच खेळ खेळणारी मुले दाखवणाऱ्या २०१६ च्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेला आणि आवाज-कलाकारांचा खेळ २०१५ मध्ये थेट दाखवू लागलेल्या ‘क्रिटिकल रोल’ला दिले जाते, आणि ते अंशतः रास्तही आहे. परंतु हे कलाकार आधी खासगीत ‘पाथफाइंडर’ खेळत असत व प्रक्षेपणासाठी पाचव्या आवृत्तीकडे आले, ही बाब अधिक बोलकी आहे, कारण बेरजा पाहण्यात प्रेक्षक रमत नाही, तो संवादात आणि फासा थांबेपर्यंतच्या उत्कंठेत रमतो. या सुटसुटीतपणाचा भार मात्र डंजन मास्टरवर पडला. नियमांनी मोकळ्या सोडलेल्या जागा त्यालाच ऐन वेळी भराव्या लागतात, आणि २०२४ मध्ये नियमपुस्तके सुधारताना त्याच्यासाठीचे मार्गदर्शक पुस्तकही नव्याने रचले गेले.