लिफ्ट बसली, तर आधी तेल पाहा

आषाढात भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये चिखलणीची धांदल सुरू होते आणि जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट नेमकी तेव्हाच बसते. धुऱ्यापाशी वळायचे तर रोटाव्हेटर उचलला जात नाही. तिकडे पऱ्हे खोदून तयार, रोवणीच्या बायाही ठरलेल्या. अशा घाईत ‘पंप गेला’ हा निकाल फार लवकर दिला जातो. पंप जातोही, पण तो महाग असतो, तेव्हा त्याच्यावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

मुळात लिफ्टचे काम सरळ आहे. पंप पेटीतले तेल गाळणीतून ओढतो आणि दाबाने सीटखालच्या सिलिंडरमध्ये ढकलतो. तिथला पिस्टन सरकला की आडवा रॉकर शाफ्ट फिरतो आणि दोन्ही भुजा वर येतात. लिव्हर खाली केले की कंट्रोल व्हॉल्व्ह तेलाला परत पेटीत जायची वाट मोकळी करतो. अवजार उतरते ते स्वतःच्या वजनाने, पंप त्याला खाली दाबत नाही. म्हणून ‘वर गेलेले खाली येत नाही’ अशी तक्रार असेल, तर पंपाला हातही लावू नये. बऱ्याच ट्रॅक्टरांना उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब असतो, तो कोणीतरी पूर्ण आवळलेला निघतो. नाहीतर व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

दुसरा फसवा प्रकार लिव्हरचाच. पोझिशनचे लिव्हर अवजाराची उंची ठरवते. ड्राफ्टचे लिव्हर जमिनीची ओढ पाहून नांगर किंवा पंजी आपोआप वरखाली करते. ही दुसरी युक्ती हॅरी फर्ग्युसनची, 1936 मध्ये फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरबरोबर ती बाजारात आली. रोटाव्हेटर मात्र पोझिशनवरच चालवायचा. ड्राफ्टचे लिव्हर भलत्या जागी राहिले, तर धडधाकट लिफ्टही वेड्यासारखी वागते. जुन्या मॅसी 1035 मध्ये आणखी एक गंमत आहे. तिचा पंप मागच्या पेटीत तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. पीटीओचे लिव्हर न्यूट्रलला असेल, तर पंप फिरतच नाही. बाहेर गिअर पंप असलेल्या ट्रॅक्टरवर हात बसलेला ड्रायव्हर इथे हमखास चकतो.

आता तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून थोड्या वेळाने गेज काढावा. पातळी कमी असेल तर उतारावर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि भुजा हिसके देत उठतात. पातळी बरोबर असूनही फेस असेल, तर ओढीच्या नळीचा जोड किंवा ओ-रिंग हवा घेते आहे. पंप किंचाळत असेल आणि लिफ्ट सुस्त असेल, तर गाळणी तुंबली आहे. ती काढून डिझेलने धुवावी, कागदी फिल्टर असेल तर बदलावा.

आपल्याकडे मात्र सगळ्यात मोठा गुन्हेगार पाणी. दिवसभर चाललेली पेटी तापलेली असते. तिला बांधीतल्या पाण्यात उभी केली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि कुठून ना कुठून आत ओढ घेते. झिजलेले सील असेल, तर हवेऐवजी चिखलपाणी आत जाते. पीटीओ शाफ्टचे सील आणि ॲक्सलचे सील यांना तणस गुंडाळते आणि कापते. गेजची टोपी सैल असली, गिअरच्या दांड्याचे रबर फाटले असले, की आणखी वाटा मिळतात. पवनी, लाखांदूरकडे कालव्यावर उन्हाळी धानही होते; तिथे ट्रॅक्टर वर्षातून दोनदा या पाण्यातून जातो.

पाणी मिसळलेले तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसते. शंका असेल तर तेलाचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकावा; चुरचुरला तर पाणी आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या पेटीचा खालचा बोल्ट सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, हळूच सैल केला तर तेलाआधी पाणीच गळते. अशा तेलाने पंपाचे आणि व्हॉल्व्हचे घासणारे भाग गंजतात, चरे पडतात. मग खरोखरच पंप जातो.

तेल स्वच्छ, गाळणी स्वच्छ, तरी उचलत नाही? वजन लावून लिव्हर पूर्ण वर करा आणि इंजिनचा आवाज ऐका. इंजिन दबले आणि रिलीफ व्हॉल्व्हची शिट्टी आली, तर दाब तयार होतो आहे. अवजार जड आहे, भुजा अडकल्या आहेत किंवा व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडून तो लवकर उघडतो आहे. इंजिनला काहीच जाणवले नाही, तर तेल सिलिंडरपर्यंत दाबाने पोहोचतच नाही. सकाळी झकास आणि दुपारी तेल तापल्यावर ढिली, ही झिजलेल्या पंपाची जुनी ओळख. पातळ झालेले तेल फटींतून मागे निसटते. तरीही पंप उघडण्याआधी मिस्त्रीला प्रेशर गेज लावायला सांगावे आणि आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावा.

उचलते पण धरत नाही, हे दुखणे वेगळे. इंजिन चालू असताना भुजा उचक्या देतात, बंद केले की अवजार सरसर खाली येते. बहुधा पिस्टनची ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत असतो. त्यासाठी पंप बदलला तर पैसे पाण्यात.

काम करताना उचललेल्या रोटाव्हेटरखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. नळीची बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे तेल कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते, आणि काही तासांचा उशीरही बोट गमावायला पुरू शकतो. तेव्हा सरळ दवाखाना गाठावा.

पाणी शिरलेले तेल एकदा बदलून भागत नाही, कारण थोडे सिलिंडरमध्ये आणि कोपऱ्यांत उरतेच. आधी सील बदलावे, मग नवे तेल भरून रिकाम्या भुजा बऱ्याचदा वरखाली कराव्यात, म्हणजे हवाही निघते. पातळी पुन्हा पाहावी, थोडे काम झाल्यावर गेज पुन्हा काढावा. पांढुरके दिसले तर तेही तेल सोडून द्यावे. महाग वाटते खरे, पण पंपाच्या बिलापुढे ते काहीच नाही.