जुना काट्याचा मल्टीमीटर निवडताना

शाळेतून बाहेर पडून आयटीआय, पदविका किंवा दुरुस्तीच्या व्यवसायाकडे वळलेले आमचे माजी विद्यार्थी भेटीस येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. जुन्या बाजारात काट्याचा मल्टीमीटर स्वस्तात मिळतो आहे, तो घ्यावा काय? आम्ही लगेच होय किंवा नाही म्हणत नाही. मीटर हातात घेतल्याखेरीज हे उत्तर देता येत नाही, आणि हातात घेऊन नेमके काय पाहावयाचे, हे आम्हांसही चुकूनच समजले.

अंकदर्शी मीटर स्वस्त झाले असताना काट्याचा मीटर कशासाठी, अशी शंका रास्त आहे. स्थिर मूल्य वाचावयाचे असेल तर अंकदर्शी मीटरच उत्तम. परंतु कपॅसिटर भारित होताना किंवा आवाजाचे जुने बटण फिरवताना मूल्य सतत बदलते; अशा वेळी आकडे नुसते धावतात, काटा मात्र बदलाची दिशा आणि गती दाखवितो. बटणाच्या आतील पट्टी एखाद्या ठिकाणी झिजली असेल तर काट्याला तेथे हिसका बसतो. शिकणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसणे फार मोलाचे आहे.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही प्रयोगशाळेसाठी एक जुना मीटर घेतला. पेटी चकचकीत, काच निर्मळ, सेलचे व्होल्टेज बरोबर दाखवीत होता. एका विद्यार्थ्याने त्यावर ॲम्प्लिफायरची जुळणी तपासावयास घेतली. बेसवरचे व्होल्टेज कमी दिसे, म्हणून त्याने ट्रान्झिस्टर बदलला, मग रोधही बदलले. तिसऱ्या दिवशी, आपल्या हाताला हे काम जमणारे नाही, असे म्हणून त्याने ती जुळणी परत केली. जुळणी पहिल्यापासून ठीक होती. चूक मीटरच्या निवडीची, म्हणजे आमची होती.

काट्याचा मीटर चालण्यासाठी लागणारी धारा मोजल्या जाणाऱ्या परिपथातूनच घेतो. ती किती, हे पट्टीवर ‘प्रति व्होल्ट ओहम’ या स्वरूपात छापलेले असते. आमचा मीटर प्रति व्होल्ट 1,000 ओहमचा होता, म्हणजे 10 व्होल्टच्या पल्ल्यावर त्याचा स्वतःचा रोध अवघा 10 किलोओहम. समजा, 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर 100 किलोओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडले आहेत. मधल्या बिंदूवर 6 व्होल्ट असावयास हवेत. हा मीटर तेथे 1 व्होल्ट दाखवील. प्रति व्होल्ट 20,000 ओहमचा मीटर त्याच पल्ल्यावर 4.8 व्होल्ट दाखवील, आणि 10 मेगाओहमचा अंकदर्शी मीटर जवळजवळ 5.97. यांपैकी कोणताही मीटर खोटे बोलत नाही. लीड टेकल्यावर तेथे खरोखरच तेवढे व्होल्टेज उरते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी 20,000 हा आकडा आम्ही किमान मानतो. एवढ्या मीटरच्या काट्याला पट्टीचे टोक गाठण्यास 50 मायक्रोअँपिअर पुरतात.

केवळ नावावर विसंबू नये. इंग्लंडमध्ये 1923 साली निघालेल्या ‘ॲव्हो’ मीटरचे नाव अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून पडले. त्याचा आठ क्रमांकाचा नमुना 20,000 ओहमचा, तर दिसावयास बराचसा तसाच असलेला सात क्रमांकाचा त्याहून पुष्कळच कमी. अमेरिकेचा सिम्पसन 260 हाही 20,000 चा. आपल्याकडे प्रयोगशाळांतून नाशिकरोडच्या मोटवाने यांचे मीटर दिसतात. नाव कोणतेही असो, पट्टीच्या कोपऱ्यातील बारीक आकडा आधी वाचावा.

मग काटा पाहावा. मीटर आडवा, उभा व कुशीवर ठेवून काटा शून्याजवळच राहतो का, आणि हलकी टिचकी मारल्यावर त्याच जागी परततो का, ते तपासावे. वाटेत अडखळणारा काटा असेल तर मीटर परत द्यावा; ती दुरुस्ती घरगुती नव्हे. प्लॅस्टिकची काच पुसल्यावर मात्र स्थिर विद्युतभारामुळेही काटा सरकतो. काचेवर तोंडाची वाफ सोडताच तो जागेवर आला, तर दोष समजू नये.

सेलची खोली उघडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हिरवट-पांढरा थर पत्र्यापुरता असेल तर घासून निघतो. तारांतून आत शिरला असेल तर नाद सोडावा. नवे सेल घालून ओहमच्या सर्वांत लहान पल्ल्यावर लीड एकमेकींस टेकवाव्यात आणि काटा शून्यावर आणता येतो का, ते पाहावे. या पल्ल्यावर सेलमधून सर्वाधिक धारा जाते, त्यामुळे दोष येथे प्रथम उघडा पडतो. आठ क्रमांकाच्या ‘ॲव्हो’ला मोठ्या ओहमसाठी 15 व्होल्टची निराळी बॅटरी लागते, ती सहजी मिळत नाही, हे किंमत ठरविताना ध्यानात असावे.

शक्य तर खात्रीचा अंकदर्शी मीटर सोबत न्यावा आणि दोन्हींची वाचने ताडून पाहावीत. सर्वच पल्ले सारख्या प्रमाणात कमी दाखवीत असतील तर बहुधा चुंबक क्षीण झाला आहे. एकच पल्ला चुकत असेल तर त्या पल्ल्याचा रोध जळाला किंवा बदलला आहे, आणि तो नवा घालता येतो. पुष्कळ वेळा तर निवडकळ दहा-वीस वेळा फिरविल्यानेच गंजलेले संपर्क सुधारतात.

विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो तो डायोड तपासताना. काट्याच्या अनेक मीटरांत ओहमच्या पल्ल्यावर आतील सेलचे धन टोक काळ्या लीडकडे येते. त्यामुळे काळी लीड ॲनोडवर ठेवल्यास काटा हलतो, आणि अंकदर्शी मीटरची सवय असलेला मुलगा चांगला डायोड उलटा ठरवितो. आपल्या मीटरची रीत ओळखीच्या डायोडवर एकदा पाहून पेटीवर लिहून ठेवावी.

घरातील 230 व्होल्टवर मात्र आम्ही जुना मीटर लावू देत नाही. फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार गुंडाळली आहे, लीडचे रबर कोठे तडकले आहे, हे वरून दिसत नाही. त्यातून कळ चुकून ओहमवर राहिली तर मीटर जळतो आणि हातही भाजतो. आमच्या प्रयोगशाळेत जुना मीटर 50 व्होल्टच्या आतील पुरवठ्यापुरताच वापरला जातो. काम संपल्यावर कळ ‘ऑफ’वर, आणि ती सोय नसल्यास व्होल्टच्या सर्वांत मोठ्या पल्ल्यावर ठेवावी. उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी सेल काढून ठेवण्याचे काम नववीच्या मुलांकडे असते.