भरतीची तयारी: पळताना गुडघा दुखतोय, पाय बधिर होतोय? अंगावर काढू नका

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना गावोगावी दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत या धावेला २० गुण. म्हणून गुडघा दुखला तरी पट्टी बांधून पळायचं, पाय बधिर झाला तरी झटकून पुढं जायचं. चार दिवस थांबलं की बरं वाटतं, पळायला लागलं की दुखणं परत. असं का होतं?

गुडघा : वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना, उकिडवं बसल्यावर वाढतं, तर बहुतेक वेळा वाटीवर ताण आलेला असतो. एकदम अंतर वाढवणं, कडक रस्ता, झिजलेले बूट आणि मांडीचे कमजोर स्नायू ही त्याची नेहमीची कारणं.

बधिरपणा : याची कारणं वेगळी असतात. ठरावीक अंतर पळालं की पोटरी किंवा नडगी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर होतं आणि थांबल्यावर थोड्या वेळात उतरतं. यात पळताना फुगलेल्या स्नायूंना आवरणात जागा पुरत नाही आणि नस दाबली जाते. कमरेतून कळ निघून मांडीमागून खाली मुंग्या येत असतील, तर मणक्यात नस दबल्याची शंका घ्यावी. फक्त बोटं बधिर होत असतील तर आधी बुटाची नाडी सैल करून बघा.

काय करावं : काही दिवस पळणं बंद ठेवा, सायकल चालवा. गुडघ्याला कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं लावा. परत सुरुवात मातीच्या मैदानावर, कमी अंतरानं करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. मांडीचे व्यायाम रोज करा. वेदनेची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळू नका. दुखणं झाकतं, इजा वाढते.

दवाखाना कधी : गुडघा सुजला, अडकतो, किंवा बधिरपणा परत परत येतो, तर उपजिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. किती अंतरावर त्रास सुरू होतो, हे लिहून न्या. पाऊल उचलत नसेल, लघवीवर ताबा राहत नसेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा थांबूनही पोटरीची कळ वाढतच असेल, तर त्याच दिवशी जा.

भरती पुन्हा निघेल. नस कायमची गेली तर पळणं राहू द्या, शेतातलं कामही अवघड होईल.