मिसळीचा ठसका आणि आतड्याचं कवच: वेदनेच्या नसा पोट कसं सांभाळतात?

रविवारची सकाळ म्हटलं की नाशिककरांना मिसळ आठवते. तर्रीचा पहिला घास घेतला की नाक-डोळे वाहू लागतात आणि घरचे बजावतात, 'एवढं तिखट खाऊ नकोस, आतडी जळतील!' पण तिखटाने चाळवणाऱ्या नसा खरं तर आतड्याची राखण करतात, असं उंदरांवरच्या संशोधनात दिसलं आहे.

तिखट ही चव नाही

मिरचीतलं कॅप्सेसिन नसांवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला चिकटतं. साधारण ४३ अंशांच्या वर तापलेल्या वस्तूने चटका बसतो, तोही याच रिसेप्टरमुळे कळतो. म्हणून तिखटाने 'आग' होते. हा रिसेप्टर शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. अशाच नसा आतड्यातही असतात.

आतड्यात काय घडतं?

आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं आणि त्यातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. त्यावर चिकट म्युकसचा थर असतो. तो जंतूंना अस्तरापासून लांब ठेवतो. हा थर गॉब्लेट पेशी तयार करतात.

हार्वर्डच्या आयझॅक च्यू यांच्या टीमने २०२२ मध्ये दाखवलं की, वेदनेच्या नसा या पेशींना थेट निरोप देतात. नसेतून सीजीआरपी नावाचा रेणू बाहेर पडतो, गॉब्लेट पेशीवरच्या रिसेप्टरला जुळतो आणि पेशी म्युकस सोडते. ज्या उंदरांमध्ये या नसा नव्हत्या, त्यांचा म्युकसचा थर पातळ झाला आणि आतड्याची सूज जास्त वाढली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या संशोधकांनी सबस्टन्स पी या दुसऱ्या रेणूचं काम उलगडलं. वेदनेच्या नसा बंद केल्यावर उंदरांच्या आतड्याची दुरुस्ती नीट होईना. बाहेरून सबस्टन्स पी दिल्यावर संरक्षण परत मिळालं. यात आतड्यातल्या जीवाणूंचाही वाटा होता.

मग मिसळ औषध आहे का?

नाही. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. अल्सर असेल किंवा पोट नाजूक असेल, तर तिखटाने त्रास वाढू शकतो.

पण औषधांसाठी हा शोध महत्त्वाचा आहे. मायग्रेनवरची काही नवी औषधं सीजीआरपीलाच अडवतात. ती दीर्घकाळ घेतल्यास आतड्यावर काय परिणाम होतो, हे आता तपासावं लागेल. दुखतंय म्हणून मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत राहणंही धोक्याचं आहे. या गोळ्या वेगळ्या मार्गाने का होईना, पण अस्तराला इजा करतात.

पोटदुखी बरेच दिवस टिकली, शौचातून रक्त गेलं किंवा कारण नसताना वजन घटलं, तर गोळी घेऊन दुखणं दाबू नका. डॉक्टरांना दाखवा. वेदना त्रास देते हे खरं, पण आतड्यात तीच राखणदाराचंही काम करते.