विम्याच्या हप्त्यांची तुलना आणि दलालीचे गणित

रक्तदाबाच्या गोळ्या लिहून झाल्या की हल्ली अनेक ज्येष्ठ रुग्ण आणखी एक प्रश्न विचारतात : मुलाने इंटरनेटवर दहा कंपन्यांचे हप्ते पाहून आरोग्य विमा निवडला आहे, तो घ्यावा का? प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. उतारवयात पॉलिसीची निवड चुकली, तर ते बहुधा रुग्णालयाचे बिल हाती पडल्यावरच कळते.

तुलना करून देणारी संकेतस्थळे ग्राहकाकडून वेगळे शुल्क घेत नाहीत. त्यांची मिळकत येते विमा कंपन्यांकडून. पॉलिसी विकली गेली की कंपनी त्यांना दलाली देते आणि नूतनीकरणावरही ती सहसा मिळत राहते. हा पैसा अखेर आपल्या हप्त्यातूनच जातो. पूर्वी वैयक्तिक आरोग्य विम्यावरील दलालीला हप्त्याच्या १५ टक्क्यांची मर्यादा होती. १ एप्रिल २०२३ पासून विमा नियामक 'इर्डाई'ने अशा वेगवेगळ्या मर्यादा काढून कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा ठेवली. कोणत्या विक्रेत्याला किती द्यायचे, हे ठरवण्याची मोकळीक त्यामुळे वाढली.

यात बेकायदा काही नाही. पण विक्रीवर ज्याचे पोट आहे, त्याचा सल्ला त्रयस्थाचा मानू नये. दाखवलेली माहिती खरी असली, तरी यादीत कोणते नाव वर आले, कोणते आलेच नाही, याचा आपल्या निवडीवर परिणाम होतो. हे ओळखूनच 'वेब अ‍ॅग्रिगेटर' परवान्यावरील संकेतस्थळांना पॉलिसींचे मानांकन, क्रमवारी किंवा 'सर्वाधिक खपाची' अशी शिफारस दाखवण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई केली. मात्र काही मोठी संकेतस्थळे आता विमा दलालाच्या परवान्यावर चालतात. 'पॉलिसीबझार'ने तो २०२१ मध्ये मिळवला. दलाल हा नियमानुसार ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, पण त्याचा मोबदला कंपनी देते. संकेतस्थळाच्या तळाशी कोणता परवाना नमूद आहे, ते आधी पाहावे.

ज्या योजनेवर दलालीच नाही, तिची आठवण करून देण्यात विक्रेत्याला लाभ नसतो. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता 'आयुष्मान भारत' योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळते. त्यासाठी हप्ता नाही. घरात सत्तरीपुढील दोघे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. खाजगी विमा घेण्यापूर्वी या योजनेचे कार्ड काढून घ्यावे आणि जवळचे कोणते रुग्णालय तिच्यात आहे, याची चौकशी करावी.

हप्त्याच्या आकड्याखाली काय दडले आहे, तेही वाचावे. २० टक्के सहभागाची अट असेल, तर २ लाखांच्या मान्य दाव्यात ४० हजार आपल्या खिशातून जातात. खोलीभाड्याची मर्यादा ५ हजार असताना १० हजारांची खोली घेतली, तर शस्त्रक्रियेच्या शुल्कासारख्या खोलीशी निगडित खर्चांतही निम्मी कपात होऊ शकते. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. वय ७२ असेल, तर ही तीन वर्षे लहान नव्हेत. मोतीबिंदू, गुडघ्याचे सांधेरोपण यांसाठीची रकमेची मर्यादा आणि प्रतीक्षाकाळ वेगळा तपासावा.

डॉक्टर या नात्याने एक गोष्ट आग्रहाने सांगतो. फोनवरील प्रतिनिधीला प्रश्नावली भरू देऊ नका. "थोडी शुगर आहे, लिहायला नको" असे कोणी म्हटले, तरी मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, चालू औषधे सारे लिहा. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला, तर भुर्दंड कुटुंबालाच पडतो.

तुलना अवश्य करावी. पण निवडलेल्या पॉलिसीचा हप्ता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही पाहावा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती न पटल्यास परत करता येते. त्या महिन्याभरात घरच्यांसह एकदा ती सावकाश वाचून काढावी. पुढे दाव्यावरून वाद झाला आणि कंपनीकडे तक्रार करूनही तो मिटला नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत.