काठी कोणत्या हातात?

तुमच्या आजोबांचा उजवा खुबा दुखतो आहे असे समजा. त्यांनी काठी कोणत्या हातात धरावी? वर्गात विचारून पाहा; बहुतेक जण ‘उजव्या’ म्हणतील. बरोबर उत्तर आहे डाव्या! आणि त्याचे कारण तुमच्या भौतिकशास्त्रातील तरफेच्या धड्यात आहे.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. आता उजव्या पायावर उभे राहा आणि उजवा तळहात कमरेखाली, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवा. तेथला स्नायू टणक झालेला हाताला लागेल. तो ढिला पडला तर कमरेची डावी बाजू खाली कलेल. म्हणजे कमरेचे हाड ही तरफ आणि खुब्याचा सांधा हा टेकू.

थोडा हिशेब करू. माणसाचे वजन ६० किलो धरा. टेकलेला पाय वगळता उरलेले सुमारे ५० किलो टेकूच्या आतल्या बाजूला साधारण १० सेंमीवर येतात. बाहेरचा स्नायू मात्र टेकूपासून जेमतेम ५ सेंमीवर. ५० गुणिले १० म्हणजे ५००. ते तोलण्यासाठी स्नायूला १०० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. सांध्यावर पडते ती दोहोंची बेरीज, १५० किलो! (अंतरे ठोकळमानाची आहेत आणि सर्व बले उभी धरली आहेत, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच.)

आता डाव्या हातातील काठीवर ८ किलोचा दाब दिला. काठी टेकूपासून सुमारे ३५ सेंमी दूर. ८ गुणिले ३५ म्हणजे २८०. स्नायूच्या वाट्याला उरले २२०, म्हणजे ४४ किलोचा जोर. सांध्यावरचा भार ५० अधिक ४४ उणे ८, म्हणजे ८६ किलो. काठी उजव्या हातात असती, तर तिचा वर येणारा रेटा स्नायूच्या विरुद्ध गेला असता आणि आजोबांना सारे अंग उजवीकडे झुकवावे लागले असते.

हे ओळखणे भौतिकोपचार तज्ज्ञाचे, म्हणजे फिजिओथेरपिस्टचे काम. लोकांना वाटते, हे मालिश करणारे! मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय निघाले, तेव्हा पोलिओने लुळी पडलेली मुले डोळ्यांसमोर होती. आज तेथे जागा घेतली आहे ती अपघात, पक्षाघात आणि म्हातारपणातले गुडघे यांनी.

या अभ्यासक्रमासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. महाराष्ट्रात प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो, नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावे. जीवशास्त्राची आवड असलेली मुले भौतिकशास्त्र कसेबसे उरकतात. येथे तेच पुढे आडवे येते. स्नायूंची नावे पाठ होतात, पण स्नायू कोठे ओढतो हे कळल्याखेरीज त्यांचा उपयोग नाही.

तयारी आजपासून करता येईल. खुर्चीवर ताठ बसा, पावले गुडघ्यांच्या पुढे ठेवा आणि धड जराही न वाकवता उठून पाहा. उठता येत नाही ना? का, ते वहीत आकृती काढून शोधा. मग घरातले वडीलधारे कसे उठतात ते पाहा. कंपासपेटीतील कोनमापक घेऊन मित्राचा गुडघा किती अंश वाकतो ते मोजा. प्लास्टर निघाल्यावर ९० अंशांतच अडलेल्या गुडघ्याला पंगतीत मांडी घालता येत नाही. त्या माणसाला पुढचे एकेक अंश किती मोलाचे असतात!

मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजी पुस्तकांची धास्ती वाटते. ती अगदीच अनाठायी नाही. संज्ञांची वही अकरावीपासूनच करावी. पण रुग्ण इंग्रजीत दुखत नाही. ‘चमक मारते’, ‘ठणकते’, ‘मुंग्या येतात’, ‘बधिर झालंय’ ही चार वेगळी दुखणी असू शकतात. मुंग्या आणि बधिरपणा म्हटले की तज्ज्ञाचे लक्ष प्रथम मज्जातंतूकडे जाते. आजी नेमका कोणता शब्द वापरते, ते या आठवड्यात ऐकून ठेवा.